मंगळवारचा वर्ग: नागरी हक्कांचा वारसा हातोहात कसा जातो

प्रश्न: "अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीबद्दल वाचताना 'स्कॉलर्स अँड मिनिस्टर्स' असं सारखं येतं. मार्टिन ल्यूथर किंग गेल्यावर या मंडळींनी वारसा पुढे नेला म्हणतात. म्हणजे त्यांनी नेमकं केलं काय? मंत्र्यांचा यात काय संबंध? आणि नागपुरातल्या आमच्या पंधरा-वीस जणांच्या अभ्यासगटाला त्यातलं काही करून बघता येईल का, की जयंतीला एक व्याख्यान ठेवून मोकळं व्हायचं?"

उत्तर:

आधी शब्दाचा घोळ सोडवू. इथे मिनिस्टर म्हणजे मंत्री नव्हे, पाद्री. प्रोटेस्टंट चर्चमध्ये रविवारी प्रवचन देणारा, लग्नं लावणारा, आजाऱ्याच्या घरी जाणारा धर्मोपदेशक. आणि स्कॉलर म्हणजे धर्मशास्त्र, इतिहास किंवा कायदा शिकवणारा प्राध्यापक. बऱ्याचदा ही दोन माणसं एकच असतात. किंग स्वतः बॉस्टन विद्यापीठाचे पीएच.डी. होते आणि बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे पाद्रीही. आजचं उदाहरण हवं तर राफेल वॉर्नॉक बघा. अटलांटातल्या किंग यांच्याच एबनेझर चर्चचे ते २००५ पासून पाद्री, न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीतून (सेमिनरी म्हणजे धर्मशास्त्राचं विद्यालय) पीएच.डी., आणि २०२१ पासून जॉर्जियाचे सिनेटर.

पण पाद्रीच का? भक्तिभाव हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं पगाराचं आहे. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय शिक्षकाचा पगार सरकार द्यायचं, मोलकरणीचा आणि मजुराचा गोरा मालक द्यायचा. पाद्र्याचा पगार मात्र त्याच्याच मंडळीच्या दानपेटीतून यायचा, त्यामुळे त्याला कामावरून काढणं गोऱ्यांच्या हातात नव्हतं. सेप्टिमा क्लार्क या चार्ल्स्टनच्या शिक्षिका एनएएसीपी या हक्क संघटनेचं सदस्यत्व सोडायला तयार नव्हत्या, म्हणून १९५६ साली त्यांची नोकरी गेली. पाद्र्याजवळ आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे इमारत. शे-दोनशे माणसं बसतील असं, कुणाची परवानगी न मागता उघडता येणारं छप्पर.

तरी सगळे पाद्री चळवळीत होते असं समजू नका. बहुतेक चर्च बाहेरच राहिली. सर्वांत मोठ्या कृष्णवर्णीय बाप्टिस्ट महासंघाचे अध्यक्ष जोसेफ जॅक्सन यांचा रस्त्यावरच्या सत्याग्रहाला विरोध होता. त्या भांडणातून १९६१ मध्ये महासंघ फुटला आणि किंग यांच्या बाजूच्यांनी सिनसिनाटीत वेगळा प्रोग्रेसिव्ह महासंघ काढला. आज हीच चर्च जानेवारीत किंग यांची जयंती करतात. आपल्याकडेही जयंत्यांचं असं होतंच.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते हा वारसा भाषणांतून पुढे गेलेला नाही. तो गेला शिकवण्याच्या एका पद्धतीतून: आठवड्याचा ठरलेला वार, पंधरा-वीस माणसं, एक तळघर, आणि घरी जाताना प्रत्येकाच्या अंगावर एक काम. ही पद्धत कोणी कोणाकडून उचलली याची साखळी लावता येते, आणि तिची एक कडी तुमच्या गावात आहे.

जेम्स लॉसन यांचा जन्म १९२८ चा, मेथडिस्ट पाद्र्याच्या घरातला. कोरियन युद्धासाठी सक्तीच्या भरतीला त्यांनी नकार दिला, त्याबद्दल वर्षभराहून जास्त तुरुंगवास भोगला आणि १९५३ मध्ये मिशनच्या कामावर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. तिथे शिकवायचे आणि मुलांच्या खेळांचे प्रशिक्षक होते. गांधीजींना जाऊन पाच वर्षं झाली होती, पण त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं भेटत होती. डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी किंग यांच्या नेतृत्वाखाली बसवर बहिष्कार घातल्याची बातमी लॉसननी 'नागपूर टाइम्स'मध्ये वाचली. १९५६ मध्ये ते परतले, ओबर्लिनला धर्मशास्त्र शिकू लागले, आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये तिथे आलेल्या किंगशी गाठ पडली. पदवी होईपर्यंत थांबू नका, दक्षिणेत आत्ताच या, असा किंग यांचा आग्रह होता. १९५८ मध्ये लॉसन टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला गेले.

(लॉसन पहिले नव्हेत. हॉवर्ड विद्यापीठाचे हॉवर्ड थर्मन फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोलीला गांधीजींना भेटले होते. पुढे किंग ज्यांना गुरू मानत ते बेंजामिन मेज १९३६-३७ च्या हिवाळ्यात वर्ध्याला गेले होते. मेज १९४० ते १९६७ मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष होते आणि किंग १९४४ साली पंधराव्या वर्षी तिथे दाखल झाले. तेव्हा किंग यांना गांधी १९५९ च्या भारतदौऱ्यात सापडले, ही समजूत चुकीची आहे. त्या दौऱ्यात ते मुंबईत मणिभवनात राहिले, पण शिकवणी त्याच्या कितीतरी आधी झाली होती.)

नॅशव्हिलमध्ये पाया तयार होता. फर्स्ट बाप्टिस्ट चर्चचे पाद्री केली मिलर स्मिथ यांनी स्थानिक पाद्र्यांची परिषद जानेवारी १९५८ मध्येच उभी केली होती. १९५९ च्या शरदात लॉसननी क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी कार्यशाळा घ्यायला सुरुवात केली. आरंभी मोजकीच मुलं यायची. त्यांत डायन नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लाफायेट, मॅरियन बॅरी होते. पुढची दहा वर्षं चळवळ ज्यांच्या खांद्यावर चालली त्यांतली बरीच नावं या एका तळघरातली आहेत.

कामाचा क्रम बघण्यासारखा आहे. पहिले काही आठवडे रस्त्यावर जायचं नावही नाही. वाचन चालायचं: गांधी, येशूचं डोंगरावरचं प्रवचन, सविनय कायदेभंगावर लिहिणारे अमेरिकी लेखक थोरो. मग लक्ष्य निवडायचं, आणि लॉसननी ते वरून दिलं नाही. गावातल्या बायकांचं गाऱ्हाणं असं होतं की भर बाजारातल्या मोठ्या दुकानांत आमचे पैसे चालतात, पण पोर दमलं, भुकेजलं तर लंच काउंटरवर, म्हणजे दुकानातल्याच खाण्याच्या जागी, बसायला मज्जाव. लक्ष्य तिथून आलं. ते लहान, दिसणारं, मोजता येणारं होतं. काउंटरवर वाढलं की नाही वाढलं, एवढाच निकाल.

मग टेहळणी. २८ नोव्हेंबर आणि ५ डिसेंबर १९५९ ला छोटे गट हार्वीज आणि केन-स्लोन या दुकानांत गेले. आधी काहीतरी विकत घेतलं, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून हक्क पक्का. मग काउंटरवर बसले, नकार आला, व्यवस्थापकाला शांतपणे कारण विचारलं आणि उठून आले. अटक नाही, गोंधळ नाही. पण नकार देणारा कोण, निर्णय कोणाच्या हातात आणि तो कोणत्या शब्दांत सांगितला जातो, हे हाती लागलं. ही पायरी वगळणारे गट पुढे फसतात. ज्याला नकार द्यायचा अधिकारच नाही अशा वेटरशी ते हुज्जत घालत बसतात.

त्यानंतर तालीम. खुर्च्या ओळीने मांडून काउंटर तयार करायचा. काही जण गिऱ्हाईक व्हायचे, काही जण गोरे टवाळखोर. शिवीगाळ, ढकलाढकली, खुर्चीवरून खाली ओढणं, तोंडावर धूर सोडणं. शरीराचंही शिक्षण असायचं: खाली पडल्यावर गुडघे पोटाशी घेऊन डोकं हातांनी झाकायचं, मारणाऱ्याच्या नजरेला शक्यतो नजर द्यायची, एकावर फार मार पडत असेल तर बाकीच्यांनी मध्ये शरीर घालून तो वाटून घ्यायचा. ज्याला हे सोसवत नाही असं त्याला किंवा इतरांना दिसेल, त्याला दुसरं काम. त्यात कमीपणा मानायचा नाही.

१ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ या दुकानाच्या काउंटरवर बसले आणि देशभर वणवा लागला. नॅशव्हिलची मुलं तोवर तयार होती. १३ फेब्रुवारीला १२४ जण तीन दुकानांत जाऊन बसले. आता संख्या एकदम फुगली आणि नव्या शेकडो मुलांना महिनोन् महिने शिकवायला वेळ नव्हता. म्हणून लुईस आणि लाफायेट यांनी नियमांचा एक कागद काढला. मजकूर साधारण असा: मारलं तरी उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. दुकानाच्या देखरेख्याशी गप्पा मारू नका. प्रमुखाने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. दार किंवा वाट अडवू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे. गंभीर प्रकार घडला तर प्रमुखाला कळवा. चौकशी करणाऱ्याला नम्रपणे प्रमुखाकडे पाठवा. शेवटी येशू, गांधी आणि किंग यांच्या शिकवणीची आठवण.

यातला 'हसू नका' हा नियम मला सर्वांत शहाणा वाटतो. घाबरलेली माणसं हसतात. समोरच्याला तो टोमणा वाटतो आणि पहिला फटका तिथे बसतो. असा नियम टेबलाशी बसून सुचत नाही, तो तालमीतून निघतो.

२७ फेब्रुवारीला टवाळखोरांनी हल्ला केला. पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून बसलेल्यांना धरलं, ८० च्या आसपास मुलं अटकेत गेली. एक फळी उचलून नेली की दुसरी तिच्या जागेवर येऊन बसायची. तुरुंग भरून काउंटर रिकामा होणार नाही, असा हिशेब आधीच केलेला होता. न्यायालयाने ५० डॉलर दंड ठोठावला, तो नॅश आणि इतरांनी भरायला नकार दिला. दंड भरणं म्हणजे ज्या व्यवस्थेविरुद्ध बसलो तिलाच पैसे पुरवणं, ही त्यामागची भूमिका. सोबतीला ईस्टरच्या खरेदीवर बहिष्कार घातला होता. दुकानदारांना खरा चटका त्याचा बसला.

३ मार्चला व्हँडरबिल्ट विद्यापीठाने आपल्या या विद्यार्थ्याला, म्हणजे लॉसनना, काढून टाकलं. निषेधार्थ धर्मशास्त्र विभागातल्या प्राध्यापकांनी राजीनामे दिले. १९ एप्रिलच्या पहाटे चळवळीचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला, दुपारी हजारो लोक मूकपणे नगरपालिकेवर चालून गेले. तिथे नॅशनी महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारलं, नुसत्या रंगावरून माणसाला वेगळं वागवणं तुम्हाला बरोबर वाटतं का? महापौर नाही म्हणाले.

इथे पुस्तकं टाळ्या वाजवून थांबतात. काम त्यानंतरचं आहे. दुकानदारांशी तीन आठवडे बोलणी चालली आणि ठरलं ते असं: ठरलेल्या दिवशी, दुकानदाराला आधी माहीत असलेल्या वेळी, मोजक्याच कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांनी यायचं, वर्तमानपत्रांनी आगाऊ बोभाटा करायचा नाही. १० मे १९६० ला सहा दुकानांच्या काउंटरवर पहिल्यांदा वाढलं गेलं. विजयाची मिरवणूक निघाली नाही. हरलेल्याला तोंड लपवायला जागा ठेवली म्हणून करार टिकला.

ही पद्धत किंग यांनी १९६३ साली अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात चार पायऱ्यांत मांडली: तथ्यं गोळा करणं, वाटाघाट, आत्मशुद्धी, मग प्रत्यक्ष कृती. पुढे लाफायेट यांनी तिचा रीतसर अभ्यासक्रम केला. ४ एप्रिल १९६८ च्या सकाळी, म्हणजे गोळी लागायच्या काही तास आधी, अहिंसेला संस्थेचं रूप द्यायला हवं असं किंग आपल्याशी बोलले, असं लाफायेट सांगत आले. हार्वर्डमधून त्यांनी शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि पोलिस, कैदी, शाळकरी मुलं अशा सगळ्यांना शिकवलं. त्यांच्याकडे पायऱ्या सहा आहेत: माहिती, लोकशिक्षण, वैयक्तिक बांधिलकी, वाटाघाट, कृती, समेट. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. लोकशिक्षण आणि समेट नव्याने आले, आणि बांधिलकी वाटाघाटीच्या आधी सरकली. कारण व्यवहारातलं आहे. मागे किती माणसं काय सोसायला तयार आहेत हे ठाऊक नसताना टेबलाशी बसलेला प्रतिनिधी दुसऱ्या बैठकीत भुलतो किंवा भडकतो. सहावी पायरी मात्र बहुतेक गट विसरतात.

शिकवण्याची दुसरी परंपरा बायकांची. तिला प्रसिद्धी कमी मिळाली, माझ्या मते परिणाम जास्त झाला. साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावर जानेवारी १९५७ मध्ये एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत पहिली नागरिकत्व शाळा भरली. तिथे मतदार व्हायला राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे. योजना सेप्टिमा क्लार्क आणि बेटावरचे ईसॉ जेन्किन्स यांची. शिकवायला मुद्दाम शिक्षिका निवडली नाही, बर्निस रॉबिन्सन ही केशरचना करणारी बाई निवडली. पेशाने शिक्षक असलेला माणूस प्रौढांना पोरासारखं वागवतो, अशी भीती होती. रॉबिन्सननी पहिल्या दिवशी १४ जणांना विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? उत्तरं: सही करायला, मनीऑर्डरचा फॉर्म भरायला, पत्र वाचायला. धडे त्यातूनच बनले, राज्यघटना मागाहून आली.

१९६१ मध्ये टेनेसी सरकारने ही योजना चालवणारी हायलँडर शाळा बंद पाडली, तेव्हा योजना किंग यांच्या संघटनेने उचलली. जॉर्जियात मॅकिंटॉश गावच्या डॉर्चेस्टर केंद्रात क्लार्क, डोरोथी कॉटन आणि तरुण पाद्री अँड्र्यू यंग पाच दिवसांची शिबिरं घेत. गावोगावची माणसं येत, परत जाऊन स्वतः वर्ग काढत. हे सगळं उभं करूनही कार्यकारिणीत पाद्री आपलं ऐकत नाहीत, अशी क्लार्क यांची कायम तक्रार होती. एला बेकर यांनी त्याच संघटनेचं कार्यालय उभं केलं, पण कायमचं कार्यकारी पद पाद्री पुरुषाकडेच गेलं. त्या बाहेर पडल्या. त्याआधी एप्रिल १९६० मध्ये त्यांनीच विद्यार्थ्यांना शॉ विद्यापीठात जमवलं आणि तिथून विद्यार्थ्यांची स्वतंत्र संघटना निघाली. चर्चची ही उणीव पुढच्या पिढीने वर्गात आणि व्यासपीठावर दोन्हीकडे बोलून दाखवली. विद्यार्थी चळवळीतल्या प्रॅथिया हॉल पुढे पाद्री झाल्या आणि प्रिन्स्टन सेमिनरीतून पीएच.डी. घेतली आणि शिकवलंही. वकील पॉली मरे १९७७ मध्ये एपिस्कोपल चर्चच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री धर्मगुरू झाल्या.

काय बिघडतं, तेही सांगायला हवं. विजयांपेक्षा अपयशांतून शिकायला जास्त मिळतं.

ऑल्बनी, जॉर्जिया, १९६१-६२. मागणी होती 'सगळं वर्णविभाजन हटवा'. बस, वाचनालय, काउंटर, उद्यान, एकाच वेळी सर्व. पोलिसप्रमुख लॉरी प्रिचेट यांनी किंग यांची पद्धत वाचून काढली होती. कॅमेऱ्यापुढे मारहाण टाळली, आजूबाजूच्या परगण्यांतल्या तुरुंगांत कैदी वाटून टाकले. तुरुंग भरेनात, चित्र हलेना, आणि मागणी इतकी पसरट की थोडंसं मिळालं असंही म्हणता येईना. एकच नेमकं लक्ष्य धरायला हवं होतं, हे किंग यांनी नंतर कबूल केलं. १९६३ च्या बर्मिंगहॅमच्या मोहिमेआधी म्हणूनच वायट टी वॉकर या पाद्र्याने दुकानांतल्या काउंटरची स्टुलं मोजली आणि सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चपासून बाजारापर्यंत चालत किती वेळ लागतो हेही टिपून ठेवलं.

मेम्फिस, २८ मार्च १९६८. सफाई कामगारांचा संप फेब्रुवारीपासून चालू होता. कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात दोन कामगार चिरडून मेल्यावर १३०० जण बाहेर पडले होते. तेव्हा मेम्फिसमध्ये पाद्री असलेले लॉसन रणनीती समितीचे अध्यक्ष होते, त्यांनीच किंग यांना बोलावलं. किंग यांना यायला उशीर झाला, गर्दी सकाळपासून ताटकळली, कडेने तालीम नसलेली पोरं घुसली आणि फलकांच्या लाकडी काठ्यांनी दुकानांच्या काचा फुटल्या. नॅशव्हिलचा शिक्षक हजर असतानाही हे झालं. प्रशिक्षण ही एकदा घेऊन ठेवायची लस नव्हे, प्रत्येक मोर्चाला ते नव्याने लागतं. फलकाला काठी लावायची की दोरीने गळ्यात अडकवायचा, हासुद्धा रणनीतीचाच प्रश्न.

तिसरं उदाहरण वॉशिंग्टनचं. किंग यांच्या हत्येनंतर पाच-सहा आठवड्यांत, त्यांनीच आखलेल्या गरिबांच्या मोहिमेने राजधानीच्या मैदानावर तंबूंचं गाव वसवलं. मे-जूनमध्ये सहा आठवडे टिकलं, पावसाने चिखल झाला, मागण्या वाढत आणि बदलत गेल्या, परवान्याची मुदत संपताच पोलिसांनी मोडून काढलं. माणसं आणणं जमलं होतं; रोज सकाळी त्यांच्या हाताला काम देणं जमलं नाही.

१९६८ नंतरची विद्वानांची बाजू मी लवकर आटोपतो, कारण तिच्यावर लिहिलेलं भरपूर आहे. जेम्स कोन यांनी युनियन सेमिनरीत कृष्णवर्णीय मुक्तीचं धर्मशास्त्र घडवलं. वॉर्नॉक त्यांचेच विद्यार्थी. केली मिलर स्मिथ पुढे व्हँडरबिल्टच्या त्याच धर्मशास्त्र विभागात सहायक अधिष्ठाता झाले. लॉसननाही त्या विद्यापीठाने २००६ मध्ये सन्मानाने शिकवायला बोलावलं. इतिहासकार व्हिन्सेंट हार्डिंग यांनी किंग यांच्या ४ एप्रिल १९६७ च्या व्हिएतनाम युद्धविरोधी भाषणाचा मसुदा केला होता आणि पुढे आयुष्यभर त्यांची तक्रार राहिली की देशाने सोयीचा, स्वप्न बघणारा किंग तेवढा उचलला.

स्टॅनफर्डच्या क्लेबोर्न कार्सन यांचा मात्र वेगळा उल्लेख हवा. १९८५ पासून ते किंग यांच्या कागदपत्रांचं संपादन करत होते. काम करताना त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की १९५५ च्या प्रबंधात किंग यांनी इतरांचे उतारे श्रेय न देता घेतले आहेत. १९९० मध्ये हे जाहीर झालं. बॉस्टन विद्यापीठाने चौकशी करून पदवी कायम ठेवली, पण ग्रंथालयातल्या प्रतीला तशी नोंद जोडली. किंग यांच्या पत्नीनेच सोपवलेलं हे काम होतं, दडपायचा मोह किती झाला असेल! त्यांनी दडपलं नाही, म्हणून त्या खंडांवर आज विसंबता येतं.

पाद्री आणि विद्वान एका दावणीला बांधले तर काय होतं, याचा अलीकडचा नमुना नॉर्थ कॅरोलायनाचा. गोल्ड्सबरोचे पाद्री विल्यम बार्बर २००६ मध्ये राज्याच्या एनएएसीपीचे अध्यक्ष झाले. त्यांनी आधी अनेक संघटनांना १४ मुद्द्यांच्या एका कार्यक्रमावर आणलं आणि २००७ पासून दरवर्षी विधिमंडळावर मोर्चा नेला. सहा वर्षं ही बांधाबांध चालली होती. मग २९ एप्रिल २०१३ ला पहिला 'मॉरल मंडे', म्हणजे नैतिक सोमवार, झाला, विधिमंडळात १७ जणांना अटक झाली. दर सोमवारी नवे लोक येत गेले आणि त्या हंगामात अटकेचा आकडा ९०० च्या वर गेला. व्यासपीठाची रचना ठरलेली: आधी झळ बसलेला माणूस बोलणार, समजा विमा गेलेली आई, मग त्या विषयाचा अभ्यासक आकडे देणार, मग धर्मगुरू. हा क्रम उलटा केला की सभा पडते. प्राध्यापक आधी बोलला तर लोक पांगतात, आणि पाद्री आधी बोलला तर आईला बोलायला काही उरत नाही.

जून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा एक कणा मोडला. कोणत्या राज्यांनी बदलांना केंद्राची पूर्वपरवानगी घ्यायची, हे ठरवणारं सूत्रच रद्द झालं. लगेच नॉर्थ कॅरोलायनाने ओळखपत्राची अट घातली, आगाऊ मतदानाचे दिवस १७ वरून १० केले, त्याच दिवशी नोंदणी करून मत द्यायची सोय काढली. बार्बर यांची संघटना न्यायालयात गेली. तिथे प्रवचन चालत नाही. तिथे पुरावा लागतो: कोणती सोय कोण वापरतं याचे वंशवार आकडे, राज्याचा मतबंदीचा इतिहास, आणि कायदा करण्याआधी विधिमंडळाने हेच आकडे मागवले होते ही गोष्ट. २९ जुलै २०१६ ला अपील न्यायालयाने कायद्यातल्या या तरतुदी रद्द केल्या. शस्त्रक्रियेच्या अचूकतेने कृष्णवर्णीय मतदाराला लक्ष्य केलं, अशा आशयाचं निरीक्षण नोंदवलं. तरीही २०१८ मध्ये ओळखपत्राची अट घटनादुरुस्तीने, मतदारांच्याच कौलाने, परत आली. त्याच वर्षी बार्बर आणि प्रेस्बिटेरियन पाद्री-अभ्यासक लिझ थिओहॅरिस यांनी १९६८ ची गरिबांची मोहीम पुन्हा उभी केली. या वेळी तंबूंचं गाव नव्हतं. चाळीस दिवस, तिसाहून जास्त राज्यांच्या राजधान्यांत, दर आठवड्याला एक विषय.

आता तुमचा गट. पंधरा-वीस ही संख्या अगदी योग्य आहे. व्याख्यान ठेवायचं तर ठेवा, पण त्याआधी सहा मंगळवार काढा, प्रत्येकी दोन तास. पहिले दोन वाचनाचे, आणि वाचनात नुसते गांधी-किंग नकोत. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते ऑकलंडच्या ब्लॅक पँथरवरून, आणि ती मंडळी किंग यांच्या मार्गाशी सहमत नव्हती. हे वाद टेबलावर असू द्या. नागपुरात बसून ते टाळणं विचित्रच दिसेल. तिसरा मंगळवार वस्तीतली गाऱ्हाणी ऐकण्याचा, चौथा त्यातलं एक निवडून टेहळणीचा: निर्णय कोणाच्या हातात आहे, कोणत्या नियमाखाली, यापूर्वी कोणी अर्ज केला होता का. पाचवा तालमीचा, सहावा वाटाघाटीच्या सरावाचा.

तालमीत एक चूक हमखास होते. नॅशव्हिलमध्ये शिव्या खऱ्या वापरल्या म्हणून आपणही वापरू, असं कोणाला तरी सुचतं. जातीवाचक शिवी तालमीतसुद्धा आणू नका, आणि ज्याने ती आयुष्यात ऐकली आहे त्याला पुन्हा त्या खुर्चीत बसवू नका. नॅशव्हिलच्या मुलांनी स्वतःहून, महिनोन् महिन्यांच्या विश्वासानंतर ते केलं होतं. तुमच्या पाचव्या बैठकीत तो विश्वास नसणार. साधी दमदाटी, दुर्लक्ष, 'साहेब जेवायला गेलेत' एवढ्यावर सराव पुरेसा होतो. दहा मिनिटांच्या प्रसंगानंतर वीस मिनिटं बोला: आवाज कधी चढला, हात कुठे होते, हसू कोणाला फुटलं. भूमिका बदलून परत करा. टवाळखोर झालेला माणूस अनेकदा जास्त हादरतो, त्याला शेवटी आधी बोलू द्या.

आणि बर्मिंगहॅमच्या स्वयंसेवकाचं कार्ड मराठीत करून घ्या. त्यावर दहा प्रतिज्ञा होत्या: मुठीने, जिभेने आणि मनाने हिंसा करणार नाही, मित्राशी आणि विरोधकाशी सारख्याच सभ्यतेने वागेन, अशा. पण खाली आणखी एक यादी होती, ज्यांना मोर्चात उतरायचं नाही किंवा उतरता येत नाही त्यांच्यासाठी: निरोप पोचवणं, स्वतःची गाडी चालवणं, स्वयंपाक, टायपिंग, फोन करणं आणि घेणं, फलक रंगवणं, पत्रकं वाटणं. प्रत्येकाने खूण करून, सही करून द्यायचं. तुमच्या कार्डावर दुचाकी, माहिती अधिकाराचे अर्ज, मोडी किंवा जुनी सरकारी कागदपत्रं वाचणं, आणि वीस माणसांचा चहा, एवढ्या ओळी वाढवा.